जीपला रंग देण्याआधी



महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. तसल्या जुन्या जीपगाड्या अजूनही भंगारातून हाती येतात, आणि शाहूपुरीतल्या आपल्या तरुणांना त्या उभ्या करण्याची हौस आहे. आम्हाला याचा आनंदच वाटतो. उद्यमनगर जवळ असताना हात काळे करायला लाज कसली?

पण नवशिका आधी रंगाचा डबा आणतो. बंधूंनो, आधी कागद पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांचे नूतनीकरण. कागदच नसतील तर आईने बचत गटातून उचललेले पैसे बुडाले समजा. मग खाली वाकून चॅसिस हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला, पत्रा दबला, की आतून गंजाने खाल्ले आहे. त्यावर लांबी भरून रंग मारला तर एका पावसाळ्यात फुगतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडून घ्या.

जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, चांगला मास्क लावा (नुसते फडके पुरत नाही), पोरांना लांब ठेवा. पुसून, वाळवून लगेच रेड ऑक्साइड मारा. थिनर चुलीपासून दूर हवा.

लष्करी हिरवा रंग मात्र देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आपला निळा आहेच! रंग बदलला की आर.टी.ओ.त नोंद करून घ्या.