कर्त्याचे मरण आणि सांगणारीचे नाव

महाजालावरील आंतरक्रियात्मक माहितीपट आणि अंकीय कथन यांविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात एक सिद्धान्त गृहीतकासारखा वावरताना दिसतो. तो असा : चित्रपटगृहातील प्रेक्षक माहितीपट दिग्दर्शकाने ठरवलेल्या क्रमानेच पाहतो, महाजालावर मात्र तेच साहित्य चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, नकाशे आणि मजकूर अशा सुट्या तुकड्यांत मांडलेले असते, आणि त्यांतून कोणत्या वाटेने जायचे ते पाहणारा ठरवतो. म्हणून येथे निवेदकाची सत्ता संपते, वाचकच कर्ता होतो, आणि रोलां बार्थ यांनी १९६७ साली घोषित केलेले कर्त्याचे मरण प्रत्यक्षात उतरते. जॉर्ज लँडो यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात संगणकीय संहिता आणि उत्तर-संरचनावाद यांची जी सांगड घातली, तिचाच हा उशिरा आलेला मराठी अवतार होय. प्रस्तुत लेखकाला हा सिद्धान्त चुकीचा वाटतो; आणि छत्रपती संभाजीनगरात बसून तो मांडणे तर विशेषच आक्षेपार्ह वाटते. का, ते क्रमाने पाहू.

प्रथम वाचकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा. बार्थ यांचा निबंध ज्या वर्षी आला, त्याच वर्षी माँट्रिऑलच्या जागतिक प्रदर्शनात रादूझ चिंचेरा या चेक दिग्दर्शकाचा ‘किनोऑटोमॅट’ हा प्रयोग सादर झाला. चित्रपट मध्येच थांबे, सूत्रधार रंगमंचावर येई आणि नायकाने पुढे काय करावे याचा कौल प्रेक्षक आपापल्या खुर्चीवरील बटण दाबून देत. परंतु कौल कोणताही पडो, फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र येत आणि अखेर एकाच ठिकाणी पोहोचत : इमारतीला लागलेली आग. चिंचेरा यांनी हे उपरोधानेच योजले होते. निवडीचे पर्याय कोण ठरवतो, हा प्रश्न त्यांना विचारायचा होता. आजच्या सिद्धान्तकारांनी तो उपरोध बाजूला ठेवला आणि केवळ बटण उचलले. पडद्यावर दहा वाटा दिसत असतील, तर त्या दहाही कोणीतरी आधी आखलेल्या असतात. अकरावी वाट का नाही, हे विचारण्याची सोय तेथे नसते. कर्ता मेलेला नाही. तो वाक्यातून उठून रचनेत जाऊन बसला आहे, एवढेच. आणि न दिसणाऱ्या कर्त्याशी वाद घालणे हे दिसणाऱ्या कर्त्याशी वाद घालण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

दुसरा मुद्दा मौखिकतेचा. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ साली मांडलेल्या ‘दुय्यम मौखिकते’चा आधार घेऊन असे म्हटले जाते की, महाजालावरील कथन म्हणजे आपल्या मौखिक परंपरेचेच पुनरागमन होय. हे म्हणणाऱ्यांनी जात्याकडे एकदा नीट पाहावे. जात्यावर पुष्कळदा दोघी बसतात. खुंटा दोघींच्या हातात असतो, दगडाचा भार दोघींवर असतो. एकीने ओवी म्हटली की दुसरी ती उचलते, वाढवते, कधी तिला उत्तर देते. येथे ऐकणारी बाई गाणारीइतकीच श्रमात गुंतलेली आहे. आपण काय ऐकले याचा जाब तिला तेथेच, त्याच पहाटे द्यावा लागतो. बोटाच्या टोकाने एक तुकडा उघडून दुसरा मिटणारा प्रेक्षक कोणता भार उचलतो? कोणाला उत्तर देतो? या क्रियेला ‘संवादी’ असे नाव देणे हा संवाद या शब्दाचा अपमान आहे.

हे उदाहरण हाती घेण्याचे कारण असे की, या विषयातील मराठीमधले सर्वांत मोठे काम जात्यावरच्या ओव्यांचेच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रणाला आणि संगणकीय सूचीला हात लावला. प्वातवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या महाजालीय संग्रहाने हा ठेवा २०१७ पासून वाचकांसमोर आणावयास आरंभ केला. तेथे ओवी ऐकता येते, मराठीत वाचता येते, तिचे भाषांतर पाहता येते. आणि, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ओवीपाशी गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या बाबासाहेबांवरील ओव्या राधाबाईंच्या म्हणून ऐकता येतात. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज गंगूबाईंचा म्हणून ओळखता येतो.

मराठीत ही गोष्ट नवी आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्री-जीवना’पासून ओव्यांचे अनेक मोलाचे संग्रह छापले गेले, त्यांचे ऋण कोण नाकारील? पण त्यांची मांडणी सामान्यतः विषयवार : माहेर, भाऊ, सासुरवास. ओवी ‘समाजाची’ झाली, बाईची राहिली नाही. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले, त्यात आदर होता आणि मार्मिक श्लेषही होता. परंतु वेदांना अपौरुषेय म्हटल्याने वेदांची प्रतिष्ठा वाढते. ओवीला तसे म्हटल्याने ती म्हणणारी बाई नाहीशी होते, हे आपल्या लोकसाहित्यविचाराने पुरेसे ध्यानात घेतले नाही.

आता प्रश्न असा की, जिला कर्तेपण कधी मिळालेच नाही, तिच्या बाबतीत कर्त्याच्या मरणाचा सिद्धान्त काय करतो? पॅरिसमध्ये तो शतकानुशतके मिरवलेल्या कर्त्याविरुद्धचे बंड होता. माजलगावात तो जुन्या अनामिकतेला मिळालेला नवा दाखला ठरतो. या शहरात तरी नावाचे मोल कोणी कोणाला शिकवू नये. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने ज्यांना येथून लिहिते केले, त्यांच्या दृष्टीने ‘मी’ लिहिणे हेच मुळात वाङ्मयीन कृत्य होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या वर्षांत एका नावासाठी किती घरे जळली, हे येथे सांगण्याची गरज नाही. त्या भूमीवरील विद्वानांनी नाव ही गौण बाब आहे असे परकीय सिद्धान्ताच्या आधाराने म्हणावे, हे बौद्धिक परावलंबन होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. ती आजीची, मावशीची, शेजारणीची असते. तिच्याखाली एकीचे नाव घालणे अशास्त्रीय आहे. आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे, आणि तेही गोदाकाठी. ‘लीळाचरित्रा’च्या कितीतरी लीळा पैठणच्या आहेत. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी प्रत्यक्ष साक्षीदारांना गाठून त्या आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी हरपली, ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली; तेव्हा वेगवेगळ्या परंपरांतील भिन्न आठवणी पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदवल्या गेल्या. येथे नाव हे मालकीचे चिन्ह नाही, साक्षीचे आहे. सांगणारी व्यक्ती आपल्या सांगण्याला जबाबदार आहे आणि तिच्या सांगण्याला दुसरीचा पाठभेद असू शकतो, ही ती पद्धती. अनेक वाटांची संहिता रचण्याचा हा तेराव्या शतकातला मराठी वस्तुपाठ उपलब्ध असताना आपण त्याची गणना करीत नाही, याला काय म्हणावे?

अर्थात केवळ नाव दिले म्हणजे सारे साधले असेही नव्हे. संगणकीय सूचीत नावाशेजारी जातीचाही रकाना असतो. अभ्यासकाला तो उपयुक्त आहे. जातीवाचून मराठवाड्यातील ओवी समजणार नाही, हेही खरे. तरीपण त्या रकान्यात काय लिहावे, आपली ओवी कोणत्या विषयाखाली लावावी, उद्या ती काढून घ्यावी की काय, याचा निर्णय गाणारीने करावा अशी व्यवस्था अशा संग्रहांत असली पाहिजे. हे अशक्य नाही. पेरू देशात १९९० च्या दशकात ज्या स्त्रियांवर संमतीवाचून वंध्यीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांच्या साक्षींवर २०१५ साली ‘किपू’ हा आंतरक्रियात्मक माहितीपट सिद्ध झाला. संगणक नसलेल्या त्या स्त्रिया विनामूल्य दूरध्वनीवरून आपली हकीकत नोंदवीत, परस्परांच्या हकीकती ऐकत; आणि दूरदेशीच्या श्रोत्यांनी दिलेली उत्तरे त्यांच्यापर्यंत पोहोचवली जात. येथे आंतरक्रियेचे केंद्र पाहणाऱ्याकडून सांगणारीकडे सरकले आहे. तंत्र तेच, दृष्टी वेगळी.

आणखी एक गोष्ट सिद्धान्ताच्या भरात विसरली जाते. गेल्या दशकातील कितीतरी आंतरक्रियात्मक माहितीपट ‘फ्लॅश’ या तंत्रावर उभे होते. २०२० च्या अखेरीस त्याचा आधार काढून घेण्यात आला आणि त्या कृती सहजासहजी उघडेनाशा झाल्या. ज्यांनी विश्वासाने आपली गोष्ट दिली, त्यांना कोणी विचारले नाही. पोथी हरपली तेव्हा ती स्मरणातून उभी करणारी माणसे होती. येथे ती कोण? कर्ता मेला असे म्हटले की ही जबाबदारीही कोणाची राहत नाही.

तेव्हा मराठी समीक्षेने या नव्या प्रकाराकडे पाठ फिरवू नये. त्याला संहिता मानून कठोरपणे वाचावे. परंतु पाहणाऱ्याला किती वाटा मिळाल्या हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिले प्रश्न तीन : सांगणारीचे नाव आहे काय? तिला आपले सांगणे दुरुस्त करता येते काय, मागे घेता येते काय? आणि दहा वर्षांनी तिच्या नातीला तो आवाज ऐकू येईल काय? या तिहींना होकार नसेल, तर ती कृती कितीही वाटांची असो, तिने एका बाईची ओवी घेतली आणि तिला जात्यावर एकटी सोडून दिले, असेच म्हणावे लागेल.