दोन जिवांचे चालणे

आमच्या सोलापुरात सुनेला दिवस राहिले की घरात दोन हुकूम सुटतात. पहिला, ‘आता दोघांचं खा’ आणि दुसरा, ‘आता जागची हलू नकोस’. पहिल्या हुकुमाचे सुनेला चार दिवस कौतुक वाटते. दुसऱ्याने मात्र सहावा महिना लागेतो तिची पाठ धरते आणि रात्रीची झोप उडते.

आमच्या शेजारच्या काकूंशी यावरून माझा चांगलाच वाद झाला. त्यांच्या सुनेला पाचव्या महिन्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी जेवणाला शिस्त लावली आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. काकू म्हणाल्या, “अहो, काही कमीजास्त झालं म्हणजे? आपल्या शास्त्रातसुद्धा गरोदर बाईला व्यायाम वर्ज्य सांगितलाय!”

काकूंचे म्हणणे खोटे नाही. सुश्रुतसंहितेत गर्भिणीने टाळायच्या गोष्टींत व्यायाम आहे. पण त्याच यादीत दिवसा झोपणे आहे, आणि अतिपोषणही आहे. आपण सोयीचे तेवढे लक्षात ठेवले, बाकीचे विसरलो, इतकेच.

आणि भीती केवळ आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने 1985 साली सांगितले होते की, गरोदर स्त्रीच्या नाडीचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ नयेत आणि जोराचा व्यायाम 15 मिनिटांहून अधिक नसावा. 1994 साली त्यांनीच ही ठोक्यांची मर्यादा काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली तर स्पष्टच लिहिले : गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल, तर आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. तिने गरोदरपणातील मधुमेह, वाढता रक्तदाब आणि अवाजवी वजन यांचा धोका कमी होतो. बाळाच्या वजनावर वाईट परिणाम होत नाही.

150 मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. आपल्या गावचे ऊन पाहता उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर घ्यावे. पडायची भीती असलेले खेळ नकोत, आणि चौथ्या महिन्यापासून उताणे पडून करायचे व्यायाम नकोत. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, एका पोटरीत कळ किंवा सूज, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. रक्तदाब फार वाढलेला, अंगात रक्त फार कमी, किंवा वार खाली असलेली बाई असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करू नये. सरकारी दवाखान्यांतून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी व्हावी, अशी योजना 2016 पासून आहे. तिथे हा प्रश्न जरूर विचारावा.

शेवटी काकूच सुनेबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला निघाल्या. जेवण आणि चालणे यांनी सुनेची साखर आटोक्यात राहिली. काकूंचे गुडघेही कुरकुरायचे कमी झाले, पण ते त्या कबूल करीत नाहीत!

मात्र ही झाली बसवून ठेवलेल्या सुनेची गोष्ट. याच गावात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ती बाई उठून दोन फेऱ्या घालते, तेव्हा तिची मजुरी बुडते. तिला ‘फिरायला जा’ म्हणून सांगणे सोपे. पण तेवढ्या वेळात पाने कोण कापणार, हे घरच्यांनी सांगितले पाहिजे. तासातासाला उठून अंगणात चार पावले टाकणे, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाणार नाही अशा मोकळ्या हवेत बसणे, एवढे तरी तिला मिळाले पाहिजे. आणि जी बाई डोक्यावर हंडे वाहते, शेतात दिवसभर वाकते, तिला चालण्याचा उपदेश करणे म्हणजे क्रूर थट्टा. तिला विश्रांती आणि पोटभर सकस अन्न हवे. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे.

आता दिवाळी आली. पहिलटकरणी माहेरी येतील. आई ताटात आणखी एक लाडू वाढील आणि म्हणेल, “पड जरा.” भगिनींनो, लाडू एकच वाढा. आणि फराळ झाल्यावर लेकीला म्हणा, “चल, चप्पल घाल. मीही येते.”