पहिलीचा वर्ग आणि घरची बोली

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडतात, आणि ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या दारांत सहा-सहा वर्षांचीं मुलें नवीं दप्तरें घेऊन उभीं राहतात. त्यांतील पुष्कळांच्या घरीं मराठी बोलली जाते. कोणाच्या घरीं आगरी बोली, कोणाच्या घरीं ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधवांची मराठी, तर कोणाच्या घरीं गुजराती, सिंधी अथवा तमिळ. पुढें दोन-चार महिने लोटले म्हणजे पालक शिक्षकांस भेटावयास येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "आमचें मूल इंग्रजी केव्हां बोलूं लागेल ?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मतें पहिला प्रश्न तो नव्हे. "वर्गांत जें चालतें तें आमच्या मुलास समजतें काय, आणि न समजल्यास तें विचारूं शकतें काय ?" असें पालकांनीं आधीं विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष दिलें, तर पहिल्याचें उत्तर यथाकाल आपोआप मिळतें. पहिल्याचाच हट्ट धरला, तर कधींकधीं दोन्ही हातचीं जातात.

पूर्वीं या प्रांतांत मुलगा मराठी चार इयत्ता पुऱ्या करी व मग "इंग्रजी पहिलींत" जाई. म्हणजे इंग्रजीचें पहिलें अक्षर गिरविण्यापूर्वीं त्यास स्वभाषेंत लिहितां-वाचतां येई आणि हिशेब मांडतां येई. आज इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत ही चार वर्षांची पायरी उरलेली नाहीं. तिच्या जागीं बालवर्गांतील दोन वर्षें आलीं आहेत. तेथें मूल गाणीं म्हणतें, रंगांचीं व प्राण्यांचीं इंग्रजी नांवें सांगतें, आणि पाहुण्यांसमोर तीं म्हणून दाखविलीं कीं आईबापांस धन्यता वाटते. पण पहिलींत भाषेचें काम बदलते. ती केवळ शिकावयाची वस्तु राहत नाहीं, शिकण्याचें साधन होते. गणित तिच्यांतून यावयाचें, परिसराची ओळख तिच्यांतून व्हावयाची, आणि पोटांत दुखतें हें बाईंना तिच्यांतूनच सांगावयाचें. बालवर्गांत पोपटासारखें बोलणारें मूल पहिलींत एकाएकीं गप्प होतें, त्याचें कारण बहुधा हेंच असतें.

हें मौन कसें संपतें, याचा क्रम जाणत्या शिक्षकांस माहीत असतो; तो पालकांनींही ओळखून असावें. आरंभीं मूल नुसतें ऐकतें. बाईंच्या हाताकडे, तोंडाकडे व शेजारच्या मुलाकडे पाहून तें अर्थ लावतें. सगळ्यांनीं वह्या काढल्या कीं तेंही काढतें. हें शिकणेंच होय. मग ठराविक वाक्यें येतात. पाणी पिण्यास जाऊं काय, हें मूल अस्खलित इंग्रजींत विचारतें; पण तें वाक्य त्यास अखंड पाठ असतें, त्याचे तुकडे करून नवें वाक्य त्यास जुळवितां येत नाहीं. तिसऱ्या पायरीवर भाषांची सरमिसळ होते : "मिस, त्यानें माझी पेन्सिल ब्रेक केली." हें ऐकून कोणी हंसतात, कोणी कपाळास हात लावतात. आम्हांस मात्र यांत मुलाची हुशारीच दिसते. नवा शब्द हातीं येतांच त्यानें तो आपल्या भाषेच्या व्याकरणांत नीट बसविला. लिंग चुकलें नाहीं, विभक्ति चुकली नाहीं. यानंतर स्वतःचीं वाक्यें येऊं लागतात, तीं पुष्कळ काळ चुकतमाकत. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजींत तें मध्येंच येतें. इंग्रजीच्या "ए" आणि "द" या उपपदांस मराठींत जोडच नाहीं. हें सारें सहा महिन्यांत अंगवळणीं पडावें, असें म्हणणें न्यायाचें नव्हे.

मग काळ किती लागतो ? कानडांतील जिम कमिन्स या विद्वानानें परभाषेंत शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून असें दाखविलें, कीं खेळण्या-बोलण्यापुरती भाषा सुमारें दोन वर्षांत येते. परंतु पाठ्यपुस्तकांतील विचार पेलण्याइतकी भाषा यावयास पांच ते सात वर्षें लागतात. अर्थात् पहिलींतील मुलाकडून पहिलीच्याच वर्षाअखेर सर्व फळाची अपेक्षा करणारा पालक आंब्याचें कलम लावून त्याच पावसाळ्यांत फळ मागत आहे.

दोन-तीन अडचणी अशा आहेत, कीं त्या भाषेच्या असूनही बुद्धीच्या वाटतात. गणिताच्या पुस्तकांत विचारलेलें असतें, इतक्या आंब्यांतून इतके खाल्ले, तर "हाऊ मेनी आर लेफ्ट ?" "लेफ्ट" म्हणजे डावा, एवढेंच ज्या मुलास शिकविलेलें आहे, तें आपल्या डाव्या हाताकडे पाहतें. त्यास वजाबाकी येते. "उरले" या अर्थीं तो शब्द येत नाहीं. पालक मात्र गणित कच्चें म्हणून शिकवणी लावून मोकळे होतात. दुसरी अडचण अंकांची. त्र्याहत्तर या मराठी शब्दांत तीन आधीं येतात व सत्तर मागून; "सेव्हंटी-थ्री" मध्यें सत्तर आधीं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत २०१९ सालीं बालभारतीनें "सत्तर तीन" अशा पद्धतीचीं नांवें दिलीं, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. त्या वादांत कोणाचीही बाजू न घेतां एवढें म्हणतां येईल, कीं ३७ व ७३ यांची अदलाबदल करणारें मूल निष्काळजी असतेंच असें नाहीं. तें दोन वाटांच्या मध्यें उभें असतें. तिसरी अडचण वाचनाची. देवनागरींत "क" हा सदैव "क"च. पण इंग्रजी "सी" हें अक्षर "कॅट" मध्यें एक बोलतें आणि "सिटी" मध्यें दुसरेंच. ज्या मुलास एका लिपींत अक्षर व ध्वनि यांचें नातें पक्कें समजलें, त्यास दुसरीचे अपवाद सोसतात. म्हणून घरीं मराठी वाचावयास शिकविल्यानें इंग्रजी मागें पडतें, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं.

कोणी म्हणेल, पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं; मुलास इंग्रजींत बुडवून काढा, म्हणजे तें शिकेल. या मताचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कानडांत झाला. माँट्रिअल शहरानजीकच्या सेंट लँबर्ट या गांवीं १९६५ सालीं इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीं खटपट करून आपल्या मुलांसाठीं असा बालवर्ग काढविला, कीं ज्यांत शिक्षिका केवळ फ्रेंच बोले. पहिल्या इयत्तेचें सर्व शिक्षणही फ्रेंचमधून झालें. या पद्धतीस "फ्रेंच इमर्शन", म्हणजे भाषेंत निमज्जन, असें नांव पडलें. वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर या विद्वानांनीं त्या मुलांची वर्षानुवर्षें पाहणी केली व १९७२ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. मुलें उत्तम फ्रेंच शिकलीं, गणितांत मागें राहिलीं नाहींत, आणि आरंभीं इंग्रजी वाचनांत जरी थोडीं मागें पडलीं, तरी पुढें तेथेंही बरोबरीस आलीं.

हा दाखला आमच्याकडे मोठ्या उत्साहानें दिला जातो; पण तो अर्धाच दिला जातो. त्या वर्गांत शिक्षिकेस मुलांची भाषा समजत असे, आणि आरंभीं मुलांनीं इंग्रजींत उत्तर दिलें तरी तें स्वीकारलें जाई. सर्वच मुलें फ्रेंच भाषेस सारखींच नवखीं होतीं. दुसऱ्या इयत्तेपासून त्यांस त्यांची इंग्रजीही शिकवीत. आणि मुख्य गोष्ट ही, कीं घरीं, रस्त्यांत व पुस्तकांत त्यांच्या भाषेचा मान यत्किंचितही कमी झाला नव्हता. नवी भाषा जुनीच्या जोडीस आली. जुनीस हांकलून तिच्या जागीं बसली नाहीं. आमच्याकडील वर्गांत कांहीं मुलांच्या घरीं इंग्रजी बोललें जातें व कांहींच्या कानांवर ती केवळ शाळेंत पडते. तीं एकाच बाकावर बसतात व एकाच मापानें मोजलीं जातात. विहिरींत पोहावयास शिकवितांना आमचे वडील मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधीत. लहान मुलाची घरची भाषा हाच त्याचा भोपळा आहे. तो सोडून टाकून मुलास खोल पाण्यांत लोटणें, याला शिक्षण म्हणतां येणार नाहीं.

आणि नेमका तोच भोपळा सोडण्याचा उपदेश आज पालकांस केला जातो : "घरीं मराठी बंद करा, इंग्रजींतच बोला." आमचा या उपदेशास स्पष्ट विरोध आहे. आमच्या या पट्ट्यांतील घरांची रीत पाहा. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली, आणि आज येथील असंख्य आईबाप पहांटे-सकाळीं गाडी धरून मुंबईस जातात व दिवेलागणीनंतर परत येतात. मूल दिवसभर आजी-आजोबांपाशीं, नाहीं तर शेजारच्या मावशींपाशीं असतें. तीं त्याच्याशीं भरपूर बोलतात, गोष्टी सांगतात, भाजी निवडतां निवडतां शेंगा मोजावयास लावतात, "असें कां झालें ?" या प्रश्नास कंटाळा न करतां उत्तर देतात. कारण, अनुक्रम, तुलना व कल्पना हीं तेथें मुलाच्या मनांत रुजतात, आणि एका भाषेंत रुजलेला विचार दुसरींत न्यावयास केवळ शब्द लागतात. उलट, ज्यांस स्वतःस इंग्रजी नीट येत नाहीं अशा आईबापांनीं मोजक्या, मोडक्या वाक्यांत मुलाशीं बोलावें, यांत मुलास काय मिळतें ? "कम", "सिट", "ईट फास्ट", "डोन्ट डू". आज्ञा मिळतात; संभाषण मिळत नाहीं. आणि आजी ? तिनें नातवाशीं बोलावयाचें कसें ? जें मूल आजीच्या बोलीची लाज धरावयास शिकलें, तें पुढें आजीचीच लाज धरणार नाहीं, याची हमी कोण देईल ?

गैरसमज होऊं नये म्हणून सांगतों : इंग्रजी माध्यम निवडणाऱ्या पालकांस आम्ही दोष देत नाहीं. उपजीविका, उच्च शिक्षण व जगाचा व्यवहार यांचा विचार करूनच त्यांनीं तो निर्णय घेतलेला असतो. प्राथमिक शिक्षणांत मातृभाषेचें माध्यम सरकारास सक्तीनें लादतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा हेंच माध्यम असावें, असें म्हटलें आहे. माध्यमाची निवड पालकांची. पण निवड करणारावरच तिची जोखीमही येते. घरचें दूध तोडल्यानें बाहेरचें अन्न पचतें असें नाहीं. त्याच २०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी हा विषय आवश्यक झाला आहे. त्या तासाकडे केवळ गुणांची बेगमी म्हणून पाहूं नये.

शाळांसही आमचें सांगणें आहे. कोठें कोठें मराठी शब्द उच्चारल्याबद्दल मुलास दंड होतो, किंवा डायरींत शेरा पडतो. मिशनरी परंपरेच्या शाळेस तर हें मुळींच शोभत नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं येथील भाषा आत्मसात केली आणि त्यांचें मराठी "क्रिस्तपुराण" १६१६ सालीं छापलें गेलें. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८१५ सालीं मुंबईंत शाळा काढली, ती मराठी. जे आम्हांस शिकवावयास आले, ते आधीं आमची भाषा शिकले. पेंटेकॉस्टच्या दिवसाची कथा प्रत्येक ख्रिस्ती मुलास ठाऊक आहे. त्या दिवशीं जमलेल्या नाना देशींच्या लोकांनीं एकच परकी भाषा ऐकली नाहीं, ज्यानें त्यानें आपापली ऐकली. पहिलीच्या वर्गांतील बाईंनीं अडलेल्या मुलाच्या कानांत एक शब्द मराठींत सांगितला, तर नियम मोडला असें न समजतां पाठ पुरा झाला असें समजावें.

पालकांनीं रोज संध्याकाळीं मुलास एवढेंच विचारावें : "आज वर्गांत काय झालें, तें मला आपल्या भाषेंत सांग." तें सांगूं शकलें, तर त्यास समजलें आहे, इंग्रजी मागून येईल. सांगूं शकलें नाहीं, तर रागें न भरतां बाईंना भेटावें. मूल घरींही आपल्या भाषेंत वयाच्या मानानें फार कमी बोलत असेल किंवा हांकेस ओ देत नसेल, तर मात्र वेळ न दवडतां त्याचे कान वैद्याकडून तपासून घ्यावे; तें मौन निराळें.

आतां आपणां विद्यार्थ्यांस दोन शब्द. आपल्या पाठीमागून एखादें धाकटें भावंड पहिलींत आलें असेल. मधल्या सुटींत तें "पेन्सिल ब्रेक केली" म्हणत आपणांकडे येईल. त्याची नक्कल करून मित्रांस हंसवूं नका. पेन्सिल कोणीं मोडली तें त्यास पुरतें सांगूं द्या, मग तेंच वाक्य इंग्रजींत एकदां हळू म्हणून दाखवा, आणि त्याच्याबरोबर बाईंकडे जा.