पायाची शस्त्रक्रिया आणि पहिली रात्र

२०२१ च्या पाहणीत मॉरिशसमधील दर पाच प्रौढांपैकी सुमारे एकाला मधुमेह आढळला. तेव्हा पायाची जखम आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया हा आपल्या घराघरांतला विषय आहे. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र रुग्णाला फार जड जाते.

गुडघ्यामागे नसेभोवती बधिर करणारे औषध टोचले की पाऊल काही तास बधिर राहते. त्यात डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचे औषध अल्प प्रमाणात मिसळल्यास बधिरता आणखी काही तास टिकते, असे अभ्यासांत दिसले आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झाले, ते अतिदक्षता विभागातील रुग्णांना शांत ठेवण्यासाठी. नसेभोवती देणे हा डॉक्टरांनी नंतर काढलेला उपयोग. आमच्या मते तो स्वागतार्ह आहे. वृद्ध माणसाला एका रात्रीची झोप मिळणे ही काही चैन नव्हे.

मात्र या औषधाने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. शिवाय बधिर पाय पट्टी घट्ट झाल्याचे सांगत नाही, चटका बसला तरी कळत नाही. मधुमेह्याची तर जाणीव आधीच कमी झालेली असते. रात्री नाडी कोण पाहणार, बोटांचा रंग कोण तपासणार, बधिरता केव्हा उतरेल, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावे. ‘डॉक्टरांना सारे ठाऊक’ म्हणून गप्प बसणे ही आपली जुनी खोड. रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. आणि दुखण्याची गोळी कळ उठल्यावर नव्हे, बधिरता उतरण्यापूर्वीच घ्यायची का, तेही विचारून ठेवावे.