सल्ला कुणाला देता?



सल्ला मिळाला की धंदा चालतो म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं : बाबासाहेबांची कंपनी का बुडाली? १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला आले. पोटासाठी शेअरवाल्यांना सल्ला देणारी कंपनी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. गिऱ्हाईक येऊही लागलं. सल्लागार महार आहे हे कळलं, आणि गिऱ्हाईक पांगलं. सल्ल्यात खोट नव्हती.

आता कॉलेजची पोरं टपरीवाल्यांना धंदा शिकवायला निघालीत. प्रोजेक्ट म्हणतात त्याला. नाशिकरोडला आमच्या मामांची चपला शिवायची टपरी. तिथं अशीच चौघं आली. कॉलेजचं नाव घेत नाही. फॉर्म भरला, फोटो काढला. मामा, बोर्ड रंगवा. गिऱ्हाइकाशी हसून बोला. अरे, रापी-आरी हातात धरून ज्याची चाळीस वर्षं गेली त्याला गिऱ्हाईक तुम्ही शिकवणार? मामांनी वर चहा पाजला. पोरांना मार्क मिळाले असतील. मामांची फाईल बँकेत होती तिथंच आहे.

ती फाईल काय आहे ते समजून घ्या. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ सालचं. बीजभांडवल योजनेचं गणित सोपं : २० टक्के महामंडळाचे, ५ आपले, ७५ बँकेचे. म्हणजे महामंडळानं हो म्हटलं तरी मान बँकेच्या हातात. साहेब म्हणतात जामीन आणा, जागेचा कागद आणा. टपरीला कसला आलाय सातबारा? उद्या या. उद्याचा परवा होतो, तेवढे दिवस टपरी बंद. ही अडचण त्या फॉर्मातल्या कुठल्या रकान्यात लिहायची?

आणि आपली पोरं? भाषणात आर्थिक मुक्ती म्हणताना घसा फुटतो. उद्यम नोंदणीचा फॉर्म भरून दे म्हटलं की गडी गायब! बी.कॉम. झालेल्याला टपरीवर बसायची लाज वाटते. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दाराशी जी माणसं जाऊन बसली, त्यांची आपण नातवंडं-पतवंडं. देवळाचं दार आपण सोडून दिलं, बरंच झालं. बँकेचं दार कसं सोडणार?

मामांसोबत त्या कौंटरवर उभे राहा. नाही म्हणणाऱ्या साहेबाकडून नाही लेखी घ्या. लेखी मागितलं की आवाज खाली येतो.

दुसरं काम याहून मोठं. केंद्राचं खरेदी धोरण २०१२ चं आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योगांकडून घ्यावा, असं त्यात लिहिलंय. आपल्या उशाला ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. त्यांना बूट, हातमोजे, गणवेश लागत नाहीत काय? एकट्या मामांच्यानं तो माल पुरवणं होणार नाही, खरंय. दहा टपऱ्या मिळून एक उद्योग उभा करावा लागेल, टेंडर वाचावं लागेल, दर काढावा लागेल. शिकलेलं पोरगं पाहिजे ते तिथं.

तोवर माहितीच्या अधिकारात विचारा : त्या ४ टक्क्यांतलं किती घेतलं, कुणाकडून घेतलं? फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आलेलं उत्तर अंकाच्या पत्त्यावर धाडा. नाही आलं तर तसं कळवा. दोन्ही छापू.