श्रमाचें मानसशास्त्र आणि विद्यावाचस्पतीची पदवी

डॉक्टर म्हटला कीं तो नाडी पाहणारा, ही समजूत आमच्या कुटुंबांतून अद्याप पुरती गेलेली नाहीं. त्यामुळें मानसशास्त्र घेऊन एम. ए. झालेली मुलगी औद्योगिक मानसशास्त्रांत पीएच. डी. करावयाची आहे असें सांगूं लागली, म्हणजे वडील मंडळी दोनच प्रश्न विचारतात: वर्षें किती लागणार, आणि पुढें पोटाला काय मिळणार? प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर खालीं येईलच. परंतु त्यांच्याही आधीं विचारण्यासारखा एक तिसरा प्रश्न आहे: ही विद्या कोणाच्या उपयोगीं पडावयाची? काम करवून घेणाराच्या, कीं काम करणाराच्या?

विषय म्हणाल तर समजण्यास कठीण नाहीं. कोणत्या कामास कोण योग्य हें कसें ओळखावें, थकवा कशानें येतो, वेतनानें उत्साह किती वाढतो, देखरेख कोठें उपकारक व कोठें जाचक होते, याचा हा पद्धतशीर अभ्यास. विल्हेल्म वुंट यांनीं १८७९ सालीं लाइपझिग येथें मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. त्यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग पुढें अमेरिकेंत हार्वर्ड येथें अध्यापक झाले, आणि मानसशास्त्र व औद्योगिक कार्यक्षमता यांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ सालीं इंग्रजींत निघाला. तेथून या शाखेस स्वतंत्र रूप आलें.

शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यांत १९२४ ते १९३२ या काळांत झालेले प्रयोग या शास्त्रांत सर्वश्रुत आहेत. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्या जाणिवेनेंच कामगारांस हुरूप येतो, असा सिद्धांत त्यांवरून पुस्तकापुस्तकांतून आला. पुढील अभ्यासकांनीं मात्र मूळ नोंदी उलगडून पाहिल्या. टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या ज्या पांच मुलींवर मुख्य भिस्त होती, त्यांपैकीं दोघींना १९२८ सालीं, फार बोलतात व सहकार्य करीत नाहींत म्हणून, मध्येंच काढून दुसऱ्या दोघी बसविल्या होत्या! नाराजांस वगळल्यावर उरलेल्यांच्या समाधानाचा दाखला कितपत मानावा? असा प्रश्न सुचणें व तो निर्भयपणें विचारतां येणें, हेंच या शिक्षणाचें मर्म होय. 'परीक्षा' हा शब्द 'परि' म्हणजे सर्व बाजूंनीं आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणें यांपासून झाला आहे. एकाच बाजूनें पाहिलें तर ती परीक्षा नव्हे.

जवळचें उदाहरण १९५३ मधील आहे. त्या वेळीं मुंबई राज्यांतच असलेल्या अहमदाबादेस कॅलिको मिलमध्यें स्वयंचलित माग आले होते, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणें वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांस असें दिसलें कीं, २२४ मागांवर २९ माणसें बारा तऱ्हांचीं कामें करीत आहेत, आणि कोणाचा कोणाशीं मेळ नाहीं. लहान लहान गट करून प्रत्येकाकडे ठराविक माग सोंपवावे, ही कल्पना कामगारांनींच उचलून धरली. यंत्रें तींच, माणसें तींच. परंतु उत्पादन वाढलें व खराब कापड कमी झालें. दोष माणसांच्या आळसांत नव्हता, कामाच्या मांडणींत होता.

आतां वडील मंडळींचे प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें या पदवीस किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षें लागतात. आरंभीं निदान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो, त्यांत संशोधनाची पद्धति व नीति शिकवितात. शेवटीं प्रबंध निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जाऊन तोंडी परीक्षा होते. मुंबई विद्यापीठांत उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ पासून आहे. उपजीविका अध्यापनांत मिळते, तशीच मोठ्या कंपन्यांत माणसें निवडण्याच्या व तयार करण्याच्या कामींही मिळते.

राहिला तिसरा प्रश्न. त्याचें उत्तर मुंबईपेक्षां आमच्या शिरूर कासारला अधिक लवकर सुचतें. दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून 'उचल' आधींच घेतलेली असते. ती टनावारी मजुरींतून फिटावयाची, आणि खाडा पडला तर दंड. २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीपुढें जी पाहणी आली, तींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. थकवा, वेतन, देखरेख, संमति हे या शास्त्राचे सारे विषय येथें उसाच्या फडांत उघडे पडलेले आहेत. मात्र भोंवतीं कारखान्याची भिंत नाहीं.

येथें शिक्षणाची खरी कसोटी लागते. मुकादम शेजारीं उभा असतां "आपण कामाविषयीं समाधानी आहांत काय?" असें विचारून मिळालेल्या उत्तराची किंमत किती? ज्या माणसानें उचल घेतली आहे, त्याचा होकार मोकळा मानावा काय? आणि जिची मोजणी अर्ध्या कोयत्यांत होते त्या स्त्रीला वेगळें विचारल्यावांचून तिच्या श्रमाचा हिशेब कसा लागावा? हॉथॉर्नच्या त्या दोन मुलींची गोष्ट ज्यानें मन लावून वाचली आहे, तो येथें गप्प बसलेल्यांकडे आधीं वळेल.

म्हणून पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: मुलीस अवश्य जाऊं द्यावें. विद्यापीठाच्या नांवापेक्षां मार्गदर्शक कोण आहे हें पाहावें, आणि प्रबंधाचा विषय ठरतेवेळीं तिला एकदां उसाच्या फडावर जाऊन यावयास सांगावें. नांवामागें डॉक्टर लागल्यावर घरास अभिमान वाटेलच. परंतु त्या प्रबंधांतील एखाद्या पानामुळें कोण्या बाईस आजारपणांत दंडाविना विश्रांति मिळाली, तर ती पदवी घरापुरती उरली नाहीं असें म्हणतां येईल.