मेंदूचे चित्र आणि मुलाचे वाचन

ज्या मुलास इतर सारे समजते, परंतु अक्षरे मात्र जुळत नाहीत, त्यास ‘मठ्ठ’ म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. अलीकडे तिच्या जोडीस दुसरी आली आहे: मेंदूचे चित्र काढून आणण्याची. पहिली रीत क्रूर आहे आणि दुसरी व्यर्थ, असे माझे मत आहे.

हे चित्र निघते कसे? मेंदूचा जो भाग कार्य करतो, तिकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण भिन्न असतात. ह्या भेदाचा परिणाम चित्रात उमटतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखविले; त्यावरच सारी पद्धती उभी आहे. यंत्र पेशी पाहत नाही, रक्त पाहते. तेही चार-पाच सेकंद उशिरा. वाचनवैकल्य (‘विकार’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो, त्याने औषधाची आशा उत्पन्न होते) असलेल्या मुलांच्या डाव्या अर्धगोलाच्या मागील भागात कार्य मंद आढळते, हे खरे. परंतु ते अनेक मुलांच्या सरासरीचे चित्र होय. त्यावरून एकट्या मुलाचे निदान करता येत नाही.

मग हे संशोधन निरुपयोगी काय? मुळीच नाही. आपल्या लिपीत ‘किती’ ह्या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्यांस क-पूर्वी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह व त्यांचे सहकारी यांना देवनागरी वाचताना उजव्या अर्धगोलाचे काही भागही कार्यरत झालेले आढळले. इंग्रजीसाठी रचलेली कसोटी आपल्या मुलांस जशीच्या तशी लावू नये, ह्यास त्यामुळे आधार मिळाला. त्याच केंद्राच्या पुढाकाराने २०१५ साली ‘डाली’ ही कसोटी मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी भाषांत सिद्ध झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. पालकांनी पैसा खर्चावा तो अशा तपासणीवर व शिकवणीवर.

भिलाईजवळच्या हथखोजसारख्या कारखान्यांच्या वस्तीत आणखी एक पेच आहे. मराठी घरातील मूल शाळेत हिंदी वाचते. लिपी एकच, पण ‘ज्ञान’ हा शब्द ते घरच्या वळणाने ‘द्न्यान’ असा वाचते आणि गुरुजींस ‘ग्यान’ अपेक्षित असते. ही चूक वाचनवैकल्याच्या खाती मांडावयाची काय? तपासणाऱ्याने कागद पुढे ठेवण्यापूर्वी एवढे तरी विचारावे, की बाळ, तुझ्या घरी कोणती भाषा बोलतात?